फॉरमॅट मारण्याआधी

"अगं, लॅपटॉप परत बसला. दुकानवाला म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. मी त्याला सांगितलं, पुतणीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही." काकांचा हा फोन २०२५ च्या श्रावणात एका रविवारी सकाळी आला. त्यांच्या आवाजातली काळजी मला लगेच कळली, कारण फॉरमॅट या शब्दाने त्यांचे एकदा मोठे नुकसान केले आहे. मी त्यांना म्हटले, "काका, तुम्ही तो आता चालूच करू नका. अडॅप्टर काढून ठेवा. मी शनिवारी येते."

माझे काका कृषी सहायक म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. दापोली तालुक्यातल्या गावागावांतून फिरताना भातशेतीत वापरले जाणारे शब्द ते वहीत टिपून ठेवत असत, आणि निवृत्तीनंतर त्यांनी ते लॅपटॉपवर टंकायला घेतले. राब, तरवा, चिखलणी, बेणणी, झोडणी, उडवी अशा प्रत्येक शब्दाखाली त्याचा अर्थ, तो कोणत्या वाडीत ऐकला ते, आणि बोलणाऱ्याच्या तोंडचे एक वाक्य, अशी त्यांची मांडणी आहे. पाने सहाशेच्या आसपास भरतात. मूळ वह्यांपैकी निम्म्या ओलीने आणि कसरीने गेल्या आहेत, त्यामुळे लॅपटॉपमध्ये आहे तेच आता मूळ.

हा मजकूर त्यांनी युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या काळातल्या एका फॉन्टमध्ये टंकला आहे, आणि सगळी गुंतागुंत तिथे आहे. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये अक्षराला स्वतःची अशी ओळख नसे. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर अर्धा क, काना, रफार, वेलांटी असे देवनागरीचे सुटे तुकडे चित्र म्हणून बसवलेले असत. फाइलमध्ये साठवली जातात ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच. त्यांना मराठीचे रूप देतो तो फक्त फॉन्ट. काही वर्षांपूर्वी एका दुकानात त्यांचा लॅपटॉप फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकून दिले गेले. दुसऱ्या पार्टिशनवरच्या, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या कप्प्यातल्या, फाइली जशाच्या तशा राहिल्या, पण विंडोजबरोबर फॉन्ट पुसला गेला. काकांनी घरी येऊन फाइल उघडली, तर पानभर निरर्थक इंग्रजी अक्षरे. त्यांना वाटले, सगळे काम गेले. मी अक्षरजुळणीच्या व्यवसायात असल्यामुळे तोच फॉन्ट मला पुण्यातल्या एका जुन्या मुद्रणालयाच्या संगणकावर सापडला आणि अक्षरे परत उमटली, परंतु त्यात चार महिने गेले आणि ते चार महिने काकांनी कसे काढले ते मी पाहिले आहे. ज्याने फॉरमॅट मारला त्याने एक प्रश्न विचारला असता, "तुम्ही मराठी कशात टाइप करता?", तर हे टळले असते.

शनिवारी दुपारी मी दापोलीला पोचले. लॅपटॉप २०१५ साली घेतलेला: इंटेलचा पाचव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेली होती, म्हणून ती काढून ठेवून काका तो नुसत्या अडॅप्टरवर चालवत होते. कोकणात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. दिवे गेले की लॅपटॉप तत्क्षणी बंद, आणि त्या क्षणी डिस्क काही लिहीत असेल तर ते लिखाण अर्धवट. लॅपटॉप बिघडण्याची सुरुवात मला इथे दिसली, आणि याबद्दल दुकानात कोणी त्यांना एक शब्दही सांगितला नव्हता.

लक्षणे काकांनी नीट सांगितली. चालू व्हायला पंधरा-वीस मिनिटे लागत, मग फाइल उघडताना माउसचा बाण गोल फिरत राही, आणि शेवटच्या आठवड्यात विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर जाऊन तिथेच पुन्हा पुन्हा सुरू होत होते. ही लक्षणे ऑपरेटिंग सिस्टिम बिघडल्याचीही असू शकतात, रॅम बिघडल्याचीही आणि हार्ड डिस्क मरत असल्याचीही. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. म्हणून 'फॉरमॅट मारावा लागेल' हे निदान होत नाही, तो एक उपचार आहे, आणि डिस्क मरत असेल तर तो उपचार घातक आहे. मी कान लावला तेव्हा कीबोर्डच्या डाव्या बाजूखालून बारीक टक्-टक् असा आवाज ठरावीक अंतराने येत होता. तेवढे ऐकून मी लॅपटॉप पुन्हा बंद केला.

पुण्याहून निघतानाच मी एका पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घालून नेली होती. ती डिस्कवर न टाकता थेट पेनड्राइव्हवरून चालवता येते, त्यामुळे आजारी डिस्कवर एक अक्षरही न लिहिता तिची तपासणी करता येते. पेनड्राइव्ह तयार करण्याआधी उतरवलेल्या फाइलचा शा-२५६ आकडा (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारी तिची खूण) मूळ संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवून घ्यावा. फाइल अर्धवट उतरली असेल तर पुढे येणाऱ्या अडचणी कशाच्या आहेत हेच कळत नाही. चालू करताना बूटची, म्हणजे लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडण्याची, यादी उघडून पेनड्राइव्ह निवडला आणि चार मिनिटांत पडदा आला. म्हणजे प्रोसेसर, पडदा, कीबोर्ड ठीक होते.

हार्ड डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवत असते. स्मार्ट नावाची ही सोय डिस्कमध्ये असतेच, तिचे वाचन मात्र कोणी करत नाही. मिंटमधल्या डिस्क्स या साधनात ती दोन क्लिकमध्ये उघडते. त्यातल्या तीन ओळी मी आधी पाहते: पाचव्या क्रमांकाची, म्हणजे खराब झालेल्या जागांऐवजी डिस्कने राखीव जागा किती वापरल्या ती, १९७ क्रमांकाची, म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेल्या जागा, आणि १९८ क्रमांकाची, म्हणजे जिथली दुरुस्ती होऊ शकली नाही अशा जागा. निरोगी डिस्कमध्ये या तिन्ही ठिकाणी शून्य दिसते. काकांच्या डिस्कमध्ये पहिला आकडा हजाराच्या वर होता आणि दुसरा ३१२.

आधीच्या वेळी फॉरमॅट केल्यावर लॅपटॉप काही महिने चांगला का चालला, याचा उलगडा मला त्या आकड्यांनी झाला. झटपट फॉरमॅटमध्ये संपूर्ण डिस्क तपासली जात नाही; फाइलींची यादी तेवढी नव्याने लिहिली जाते. नवी विंडोज डिस्कच्या ज्या भागावर जाऊन बसते तो भाग धडधाकट असेल तर सगळे सुरळीत वाटते. खराब जागा मात्र आहेत तिथेच असतात, आणि दर अपडेटबरोबर, दर नव्या फाइलबरोबर कधी ना कधी लिखाण तिथे पोचते. दुकानदाराला काम झाल्यासारखे वाटते, गिऱ्हाइकालाही वाटते, आणि डिस्क आतून खचत राहते. यात कोणाची लबाडी असते असे मी म्हणत नाही, पण दोन मिनिटांची तपासणी टाळली जाते आणि तिची किंमत लॅपटॉपच्या मालकाला मोजावी लागते, हे मला मनापासून खटकते.

आता मजकूर वाचवणे हे पहिले काम होते, कारण मरणाऱ्या डिस्ककडे मोजके वाचन शिल्लक असते. अशा डिस्कवरून नेहमीसारखी एकेक फाइल ओढून घेऊ नये. एखाद्या खराब जागी प्रत अडकते, डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायला जाते आणि त्या धडपडीत आणखी जागा खराब होतात. यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो डिस्कची एकसंध प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घेतो, पण हुशारीने: जिथे वाचन सहज होते ते भाग आधी उचलतो, अडखळले की ती जागा सोडून पुढे जातो, आणि शेवटी सोडलेल्या जागांच्या कडा दोन्ही बाजूंनी कुरतडत आत शिरतो. काय झाले आणि काय राहिले याची नोंद तो एका छोट्या फाइलमध्ये ठेवतो. ही नोंदफाइल आणि प्रतिमा दोन्ही दुसऱ्या, निरोगी डिस्कवर ठेवायच्या असतात. मी १ टीबीची बाहेरची डिस्क बरोबर नेली होती. आजारी डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला यूएसबीने जोडण्याचा विचार मी केला होता, पण वाचनात चुका येऊ लागल्या की ती यूएसबीची जोडणी मध्येच सुटते असा माझा आधीचा अनुभव असल्याने डिस्क मूळ जागीच राहू दिली.

काकांनी माजघरातल्या इन्व्हर्टरवरून ओटीपर्यंत वायर ओढून दिली आणि टेबलफॅन लॅपटॉपच्या तळाकडे वळवून ठेवला. रात्री नऊला वाचन सुरू झाले. पडद्यावर वाचलेल्या भागाचा आकडा वाढत होता, खाली चुकांचा आकडा एकेकाने वाढत होता, आणि काका आरामखुर्चीत बसून दोन्ही आकडे पाहत होते. मध्यरात्रीनंतर वीज गेली, आणि इन्व्हर्टरची बॅटरीही पहाटेच्या आत बसली. लॅपटॉप बंद झाला. काका उठून उभेच राहिले. मी त्यांना नोंदफाइल म्हणजे काय ते त्या अंधारात समजावून सांगितले, पण त्यांचा विश्वास बसला तो सकाळी वीज आल्यावर. पेनड्राइव्हवरून चालणारी सिस्टिम बंद होताना स्वतःचे काहीही जपत नाही, म्हणून डीडीरेस्क्यू पुन्हा इंटरनेटवरून घ्यावे लागले (फोन यूएसबीने जोडला की नेट मिळते). तीच आज्ञा त्याच नोंदफाइलसह पुन्हा दिली आणि वाचन ६१ टक्क्यांपासून पुढे सुरू झाले. रविवारी दुपारी ते संपले तेव्हा ५०० जीबीपैकी वाचता न आलेला भाग ३ एमबीपेक्षा कमी होता.

प्रतिमा हाती आल्यावर ती फक्त वाचण्यापुरती उघडली आणि सर्वात आधी विंडोजच्या फोल्डरमधला फॉन्टचा संपूर्ण फोल्डर उचलला. मग काकांच्या फाइली, मग त्यांचे फोटो. हे सगळे दोन ठिकाणी ठेवल्यावरच मी लॅपटॉपचे स्क्रू काढले.

नवीन डिस्क दोन हजारांच्या आत मिळाली. २४० जीबीची, अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क. जुन्या डिस्कच्या चौकटीत ती तशीच बसते, चार स्क्रू जुनेच लागतात. उघडलाच आहे तर रॅमही काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसले आणि मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून तिची पूर्ण फेरी होऊ दिली. ही पायरी लोक वगळतात. रॅममध्ये दोष असेल तर नवी सिस्टिम टाकताना प्रत्येक फाइल रॅममधून जाते आणि चुकीची होऊन डिस्कवर उतरते. मग नवी कोरी सिस्टिम आठवड्यात बिघडते आणि दोष सिस्टिमवर जातो. काकांची रॅम निर्दोष निघाली.

कोणती सिस्टिम टाकायची याचा निर्णय लॅपटॉपच्या वयाने घेतला. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार होते, म्हणजे जेमतेम दोन महिने उरले होते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. पाचव्या पिढीच्या या लॅपटॉपला ते दार बंदच होते. लिनक्स मिंटच्या बाविसाव्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर आरामात चालते. काकांना लागते ते लिहिणे, वाचणे, बँकेचे पान आणि नातवंडांशी व्हिडिओवर बोलणे. मी त्यांना दोन्ही बाजू सांगितल्या, विंडोजमधले काय मिळणार नाही तेही सांगितले, आणि त्यांनी विचार करून होकार दिला.

प्रत्यक्ष सिस्टिम टाकायला अर्धा तास लागला आणि त्यात सांगण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, बूटची पद्धत कोणी तरी जुन्या लेगसी प्रकारावर नेऊन ठेवली होती. ती यूईएफआय या नव्या प्रकारावर आणली आणि मगच सुरुवात केली, कारण पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू होतो त्याच पद्धतीची रचना नव्या डिस्कवर तयार होते. दुसरी गोष्ट तारखेची. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला होता, त्यामुळे प्रत्येक वेळी वीज गेली की घड्याळ काही वर्षे मागे जाई. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे लॅपटॉपला खोटी वाटतात आणि पाने उघडत नाहीत. "इंटरनेट मध्येच बंद पडतं" ही काकांची जुनी तक्रार या सेलची होती. सेल बदलला. मुख्य बॅटरीही नवी मागवली, आणि ती येईपर्यंत लॅपटॉप इन्व्हर्टरवरच चालवायचा असे ठरले.

खरे काम यानंतर सुरू झाले. सिस्टिमची भाषा मराठी केली. याचा उपयोग केवळ सूचना मराठीत दिसण्यापुरता नाही. ज्या फॉन्टमध्ये सोय केलेली असते तिथे भाषा मराठी ठरवल्यावर ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने उमटतात. टंकनासाठी इनस्क्रिप्ट हा कीबोर्डचा आराखडा घेतला. तो १९९१ च्या भारतीय मानकात आहे, डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. काकांनी तरुणपणी मराठी टंकलेखनाची परीक्षा दिलेली, त्यामुळे त्यांच्या बोटांना ह्रस्व वेलांटी आधी आणि अक्षर नंतर अशी सवय होती. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने लिहायचे, म्हणजे अक्षर आधी, वेलांटी नंतर. पहिले दोन दिवस त्यांना फार जड गेले. मी एका कागदावर कीबोर्ड काढून भिंतीला चिकटवला. 'कुऱ्हाड' लिहिताना ते शिफ्टसह 'जे' दाबून ऱ घेत, मग 'डी' दाबून त्याचा पाय मोडत, मग 'यू' दाबून ह, आणि पडद्यावर ऱ्ह जुळून आले की मान हलवत.

जुन्या फाइली फॉन्ट बसवल्यावर वाचता येऊ लागल्या, पण त्या तशाच ठेवल्या असत्या तर पुढच्या बिघाडात तेच दुखणे पुन्हा आले असते. म्हणून त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करायला घेतल्या. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, परंतु जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असल्याने त्यांची उचलठेव करताना जोडाक्षरांत चुका होतात. 'कुऱ्हाड' चे 'कुर्हाड' झाले होते, 'दुसऱ्या' चे 'दुसर्या'. शिवाय हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन वेगळ्या प्रकारे लिहिता येतो आणि दोन्ही दिसायला सारखेच असतात. काही फाइलींत एक प्रकार होता, काहींत दुसरा, आणि त्यामुळे शोधताना डोळ्यांसमोर असलेला शब्द सापडत नव्हता. सगळीकडे एकच प्रकार करून घेतला. सहाशे पाने मी आणि काकांनी फोनवरून, रोज थोडी थोडी, ओळीला ओळ लावून वाचली. त्याला गौरी-गणपतीनंतरचे दीड-दोन महिने लागले.

न वाचता आलेल्या ३ एमबीत नेमके काय होते, हेही शोधावे लागले. डीडीरेस्क्यूला सांगून प्रतिमेच्या एका प्रतीत त्या सगळ्या जागा एका ठरावीक खुणेने भरल्या आणि मग ती खूण कोणकोणत्या फाइलींत आहे ते तपासले. बहुतेक जागा विंडोजच्या स्वतःच्या फाइलींत किंवा मोकळ्या भागात निघाल्या. काकांच्या फाइलींपैकी एकीत मात्र ती सापडली: 'राब' पासून सुरू होणारी साडेतीन पाने. त्या शब्दांची वही कसरीने खाल्लेल्यांपैकी होती.

मी काकांना फोन करून सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तू लिहून घे, मी सांगतो." राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, डहाळ्यांचे कवळे केव्हा तोडायचे, पातेरा म्हणजे पालापाचोळा आणि शेण कसे पसरायचे, भाजताना वारा कोणत्या बाजूचा हवा, हे सगळे त्यांनी सांगितले आणि मी टंकत गेले. एका शब्दाशी अडले. ती बाई कोणत्या वाडीची होती ते आठवेना. तिथे मी जागा मोकळी ठेवली आहे. पाऊस थांबला की ते स्वतः जाऊन विचारून येणार आहेत.